गडहिंग्लज ते संकेश्वर : एका दिवसाची वाटचाल आणि आपली मराठी

(अकादमीच्या वार्षिक कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अकादमीने मला 'सीमाभागातील मराठी' या विषयावर बोलायला सांगितले, तेव्हा मी कपाटातली जुनी टिपणे काढून बसलो. 1956 ची राज्यपुनर्रचना, महाजन आयोग, बेळगावात 1929, 1946 आणि 2000 साली भरलेली साहित्य संमेलने हे सगळे त्या टिपणांत आहे, आणि आपल्यालाही ते ठाऊक आहे. सीमाप्रश्न 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यावर मी आज बोलणार नाही. त्याऐवजी मी तुम्हाला एका दिवसाची हकिकत सांगणार आहे. तो दिवस मी चालत घालवला, आणि त्या दिवशी मला माझ्या तीस वर्षांच्या मास्तरकीचा हिशेब द्यावा लागला.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जणांनी बेळगावहून निपाणीपर्यंत पायी जायचे ठरवले. महामार्गाने सरळ गेलो असतो तर तीन दिवसांत पोचलो असतो. पण महामार्गाला चालण्यात काय अर्थ? म्हणून आम्ही वळसा घेतला. बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याने शिनोळी, मग कोवाड, नेसरी, गडहिंग्लज, तिथून संकेश्वर आणि शेवटी तवंदीचा घाट उतरून निपाणी. सहा मुक्काम. या वाटेवर एकदा कर्नाटकातून महाराष्ट्रात जावे लागते आणि पुन्हा महाराष्ट्रातून कर्नाटकात यावे लागते.

सोबत कोण होते ते सांगतो, कारण पुढे त्यांचे बोलणे येणार आहे. एक कन्नडचे प्राध्यापक, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. दुसऱ्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, त्या आमच्या सगळ्यांच्या बाई. तिसरे बँकेतून निवृत्त झालेले माझे वर्गमित्र आणि चौथी त्यांची पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी. वहिनी आमच्यात सर्वांत चांगल्या चालणाऱ्या. आम्ही चौघे झाडाखाली टेकलेलो असताना त्या पुढच्या वळणावर उभ्या राहून हात हलवत असायच्या.

वाटेत पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न ऐकू आला, "दिंडी कुठली म्हणायची?" दिवाळी संपली होती, कार्तिकी जवळ आली होती, त्यामुळे प्रश्न रास्तच होता. आमच्या भागात माणूस पायी लांब जातो तो पंढरपूरला किंवा सौंदत्तीच्या यल्लम्माला. आम्ही "दिंडी नाही, सहज चाललोय" म्हटले की समोरच्याचा चेहरा काळजीने भरायचा. एकाने तर बँकवाल्या मित्राला बाजूला घेऊन हळूच विचारले, "गाडी बंद पडली काय? पंपापर्यंत सोडू?"

इरावती कर्वे यांचा 'वाटचाल' हा लेख आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल. 'परिपूर्ती' या संग्रहात तो आहे. मानवशास्त्राच्या अभ्यासक असलेल्या बाई वारीबरोबर पायी निघाल्या आणि एकाच दिंडीत ब्राह्मणांची आणि मराठ्यांची पंगत वेगळी का, या प्रश्नाने व्याकूळ झाल्या. मी तो लेख अनेक वर्षे शिकवला. पण त्यातला एक साधा भाग मला कधी कळला नव्हता. चालणाऱ्या माणसाला ऐकावेच लागते. मोटारीतून गडहिंग्लज ते संकेश्वर वीस-पंचवीस मिनिटांत होते. एका गावी चढलो आणि दुसऱ्या गावी उतरलो की आपल्याला दोन भाषा ऐकू येतात, एक इकडची आणि एक तिकडची. चालत गेलो की मधले सगळे ऐकू येते. मधे जे आहे, त्याविषयीच मला बोलायचे आहे.

तर पाचवा दिवस. गडहिंग्लजहून आम्ही सकाळी साडेसहाला निघालो. संकेश्वर तिथून पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे. आमच्या वेगाने चार-साडेचार तास, आणि चहा-पाणी धरून दुपारपर्यंत. थंडी होती. गडहिंग्लजची पेठ मिरचीसाठी प्रसिद्ध, आणि तिथे जिच्या नावाने सौदे होतात ती मिरची संकेश्वरी. मिरची विकली जाते महाराष्ट्रातल्या पेठेत आणि नाव लावते कर्नाटकातल्या गावाचे, तिला कुणी दाखला विचारत नाही, असे बँकवाले मित्र म्हणाले. हंगाम अजून सुरू व्हायचा होता, पण एका बंद गाळ्यासमोरून जाताना आम्हा पाचही जणांना शिंका आल्या.

गावाबाहेर पडलो तसा उसाचा रस्ता लागला. कारखान्यांचे बॉयलर पेटले होते. दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जात होते आणि प्रत्येक ट्रॅक्टर आम्हाला रस्त्याच्या कडेला ढकलत होता. एका फडात बीडकडची तोडकरी मंडळी होती. त्यांची मराठी अगदी वेगळी. बाई थांबून ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "बघा, ही माणसं शेकडो किलोमीटरवरून आली आणि त्यांना कुणी म्हणत नाही की तुमची मराठी कन्नडाळलेली आहे. ते फक्त आमच्या वाट्याला."

इथे थोडा इतिहास सांगावा लागेल. गडहिंग्लज हे कोल्हापूर संस्थानातले, 1949 साली ते संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. संकेश्वर ब्रिटिशांच्या बेळगाव जिल्ह्यातले. 1956 च्या कायद्याने बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, फक्त चंदगड तालुका वगळला गेला आणि तो आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. म्हणजे आम्ही वाटेत ज्या कोवाडात मुक्काम केला, रणजित देसाईंचे ते कोवाड, 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होते. आज ज्या रेषेला आपण राज्याची सीमा म्हणतो, ती कुठे संस्थानाची जुनी हद्द आहे, तर कुठे तालुक्याची. ती आखताना कुणी गावोगाव चालत जाऊन लोकांचे बोलणे ऐकले नव्हते.

आठच्या सुमारास ऊन लागायला लागले. रस्त्याकडेच्या शाळूच्या रानात एक मावशी भांगलण आटोपून बांधावर बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी हाक मारली ती कन्नडमध्ये, "याव ऊर्री? यल्लि होंटीरि?" कुठल्या गावचे, कुठे निघालात? लक्षात घ्या, आम्ही अजून महाराष्ट्रात होतो. गडहिंग्लजच्या पूर्वेला कन्नड बोलणारी घरे पुष्कळ. अण्णांचा चेहरा उजळला. चार दिवस ते आमच्या मराठीत चालत होते. त्यांनी सांगितले, संकेश्वरला, चालत. मावशींनी विचारले, "याक, बस सिगलिल्लेनरी?" का, बस मिळाली नाही का? आणि मग, "कुंद्रि, मज्जगि कुडीरि." बसा, ताक प्या.

आम्ही बसलो. बाईंना कन्नड समजते, पण बोलताना त्या अडखळतात. ते मावशींच्या ध्यानात आले असावे. त्यांनी पेला बाईंच्या हातात दिला आणि क्षणात मराठीत शिरल्या, "तुमी मराठी दिसतासा. घ्या, प्या. मी सकाळधरनं भांगलण केलो, आत्ता भाकरी खाल्लो आनि बसलो बगा."

माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला. मित्रहो, हे मी लाजत सांगतो आहे. एका वाक्यात मला तीन चुका दिसल्या. 'भांगलण केली' हवे, 'भाकरी खाल्ली' हवे, आणि बाई माणूस, तेव्हा 'बसले' हवे. तीस वर्षांची सवय. ताकाचा पेला तोंडाला लागलेला, आणि मी मनातल्या मनात पेपर तपासत होतो.

बँकवाल्या मित्राने विचारले, "मावशी, घरात काय बोलता?" त्या म्हणाल्या, "घरात कनडी, शाळंत मराठी. नातू इंग्लिश शाळंत जातोय." एवढे बोलून त्या उठल्या आणि आमची बाटली भरायला गेल्या.

पुढचा तासभर आम्ही त्या एका वाक्यावर बोलत चाललो. त्यातले थोडे व्याकरण इथे मांडतो, कारण समोर बरेच शिक्षक आहेत.

प्रमाण मराठीत भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे चालते. मी आंबा खाल्ला, मी भाकरी खाल्ली, मी शेंगा खाल्ल्या. शाळेत आपण याला कर्मणी प्रयोग म्हणतो. आमच्या सीमाभागात क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते. मी भाकरी खाल्लो, तू भाकरी खाल्लास, तो भाकरी खाल्ला, ती भाकरी खाल्ली. आता अण्णांचे कन्नड ऐका. नानु रोट्टी तिंदे, नीनु रोट्टी तिंदि, अवा रोट्टी तिंदा, अकी रोट्टी तिंदळ. कर्ता बदलला की क्रियापद बदलते, भाकरीशी क्रियापदाचा काही संबंध नाही. तसेच कन्नडमध्ये 'मी'च्या क्रियापदाला स्त्री-पुरुष भेद नाही. 'नानु बंदे' बाईही म्हणते, पुरुषही म्हणतो. मावशी 'मी बसलो' म्हणाल्या, त्यात हेही कारण असू शकते.

पण हे सगळे कन्नडमधून आले असे म्हणून मोकळे होता येत नाही. अण्णांनीच मला अडवले. ते म्हणाले, "सर, तुमच्या पुण्याच्या मराठीत 'मी धडा शिकलो' म्हणतात ना? मग 'मी धडा शिकला' का नाही?" मी थांबलोच. खरेच, प्रमाण मराठीत आपण मी कविता विसरलो, ती चहा प्याली, तो दोन शब्द बोलला असेच म्हणतो. सगळी सकर्मक क्रियापदे, आणि सगळी कर्त्याप्रमाणे चालणारी. व्याकरणाची पुस्तके त्यांना अपवाद म्हणतात. मग सीमाभागाने केले काय? पुण्यात जो अपवाद आहे, त्याचा इथल्या लोकांनी नियम केला. मराठीच्या घरात असलेलेच एक दार शेजाऱ्याच्या बाजूने जास्त वापरले गेले आणि रुंद झाले. याला चूक म्हणायचे की व्याकरण?

सांगलीजवळच्या कुपवाड गावात जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी मराठी, कन्नड आणि उर्दू या भाषांच्या शेजाराचा अभ्यास केला. 1971 साली तो प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत आजही शिकवला जातो. त्यांना आढळले ते असे, की तिथल्या या भाषांनी आपापले शब्द राखले, पण वाक्याची चौकट इतकी सारखी करून घेतली की एका भाषेतल्या वाक्यात शब्दाच्या जागी शब्द ठेवला की दुसऱ्या भाषेतले वाक्य तयार होते. अण्णांनी चालता चालता हा प्रयोग करून दाखवला. 'ऊस तोडल्यावर घरी जाऊन जेवण करतो.' आता एकेक शब्द बदला : 'कब्बु कडद म्याल मनीगि होगि ऊट माडतेनि.' ऊस-कब्बु, तोडल्या-कडद, वर-म्याल, घरी-मनीगि, जाऊन-होगि, जेवण-ऊट, करतो-माडतेनि. वहिनी पुढून म्हणाल्या, "म्हणजे भांडी तीच, नुसता स्वयंपाक वेगळा!"

मी हसलो, पण मला आठवत होते ते दुसरेच. बेळगावकडची मराठी म्हटले की उर्वरित महाराष्ट्राला पु. ल. देशपांड्यांच्या 'गणगोत'मधले रावसाहेब आठवतात. तो लेख मलाही अतिशय प्रिय आहे, त्यात माया ओतप्रोत आहे. पण आमची मुले पुण्या-मुंबईला गेली की त्यांच्या तोंडचे पहिले वाक्य ऐकून लोक हसतात, आणि ते हसणे रावसाहेबांवरच्या मायेचे नसते. एकीकडे इथल्या राज्याचा सगळा कारभार कन्नडमध्ये; सातबाराचा उतारा असो की दवाखान्याची पाटी, मराठी शाळेतल्या मुलाला कन्नड यावेच लागते. दुसरीकडे ज्या भाषेसाठी त्याचे आई-बाप उभे राहिले, तिच्या दारात त्याला सांगितले जाते, की बाबा, तुझी मराठी शुद्ध नाही. त्याने उभे राहायचे कुठे?

साडेदहाच्या सुमारास कर्नाटकाची पाटी आली. आम्ही फोटो काढले. पाटीच्या दोन्ही बाजूंना ऊस एकाच जातीचा होता. तिथून थोडे पुढे रस्त्याकडेला एक चहाचे दुकान लागले. वर कन्नड अक्षरांत फलक, आत शेगडीवर चहाचे पातेले, बाहेर दोन बाकडी. अण्णांनी कन्नडमध्ये पाच चहा सांगितले. दुकानदाराने मान वर केली, माझ्याकडे पाहिले आणि मराठीत म्हणाला, "सर, वळखलासा काय?"

मी ओळखले नाही. त्याने नाव सांगितले, वर्ष सांगितले. वीस वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात तो बी. ए.ला होता. मग आठवले. मागच्या बाकावर बसणारा, कमी बोलणारा मुलगा. त्याने कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी एक कथा दिली होती. अंकाचा संपादक मी. कथा त्याच्या आजीची होती. तंबाखूच्या वखारीत काम करणारी आजी, तिचा खोकला, आणि एका रात्री ती नातवाला जे सांगते ते. कथा चांगली होती म्हणून मी ती निवडली. निवडली आणि दुरुस्त केली.

चहा ओतता ओतता तो म्हणाला, "सर, एक सांगू? राग न्हाई आता. पर तुमी माज्या आजीला पुण्याला धाडलासा."

बाई हसल्या. मग माझ्याकडे बघून गप्प झाल्या.

तो पुढे म्हणाला, "अंक घेऊन घरी गेलो. आजी जित्ती होती तवा. वाचून दावलो. ती म्हनाली, लेकरा, ही कोन बाई? लई शानी दिसती."

मी विचारले, त्यानंतर काही लिहिले का? त्याने मान हलवली. "न्हाई. आता हात बसत न्हाई सर." हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. साखर संपली, असे सांगावे तसे सांगितले. चहाचे पैसे घेतले नाहीत. निघताना वहिनींच्या हातात भाजलेल्या शेंगांची पुडी दिली आणि पुढे कुठल्या झाडाखाली सावली आहे ते सांगितले.

तिथून संकेश्वर फार लांब नव्हते, पण मला तो रस्ता संपता संपेना. पायाला फोड आले होते म्हणून नव्हे. मला आठवत होते की ज्या वर्षी मी ही दुरुस्ती केली, त्याच सुमारास मी वर्गात महादेव मोरे शिकवत होतो. निपाणीत पिठाची गिरणी चालवणारा हा लेखक, ड्रायव्हर, गॅरेजवाले, तंबाखूच्या वखारीतल्या बाया, सगळी आमच्याच गल्लीतली माणसे आपल्या बोलीसकट मराठी साहित्यात घेऊन आला. 2024 साली ते गेले. मी विद्यार्थ्यांना सांगत असे की बोली हे मोऱ्यांचे बळ आहे. असा तास संपवून मी स्टाफरूममध्ये यायचो आणि लाल पेन घेऊन एका विद्यार्थ्याच्या आजीची बोली खोडायचो. छापलेल्या पुस्तकात जे बळ, ते वहीत चूक. यातला विरोध मला वीस वर्षांत एकदाही जाणवला नाही.

बाई चालता चालता म्हणाल्या, "मी लहानपणी 'मी येतो' म्हणायचे. शाळेत बाईंनी पट्टी मारून 'मी येते' करून घेतलं. घरी गेले आणि आईला म्हटलं, तू चुकीचं बोलतेस. आई त्या दिवसापासून माझ्या मैत्रिणींसमोर बोलायचीच बंद झाली." मी बाईंना पंचवीस वर्षे ओळखतो. हे त्यांनी कधी सांगितले नव्हते.

अण्णांनी मात्र मला सहज सोडले नाही. त्यांचे म्हणणे असे : "आमच्याकडेही तेच. बेळगावकडच्या मुलाचं कन्नड मी म्हैसूरच्या कन्नडसारखं करायला जातो. पण सर, मुलगा स्पर्धा परीक्षेला बसणार, शिक्षक होणार. तिथे 'मी काम केलो' लिहिलं तर मार्क जाणार त्याचे. तुम्ही खोडलं नाही म्हणून जग खोडायचं थांबणार नाही. प्रमाण भाषा न शिकवणं हाही अन्यायच की."

त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि ज्या मुलाला घरातून प्रमाण भाषा मिळत नाही त्याच्या बाबतीत ते अधिकच खरे आहे. म्हणून मी आज इथे 'बोलीच लिहा, प्रमाण भाषा सोडा' असे सांगायला उभा नाही. प्रमाण मराठी शिकवायलाच हवी, चांगली शिकवायला हवी. प्रश्न ती शिकवताना आपण मुलाला काय सांगतो, हा आहे. 'हे चूक आहे' असे सांगतो, की 'हे तुझ्या घरचे आहे, आणि परीक्षेत, अर्जात, बातमीत ते असे लिहितात' असे सांगतो? पहिल्या वाक्यात मुलाची आजी चुकीची ठरते. दुसऱ्या वाक्यात त्याला आणखी एक भाषा मिळते. शिकवायला वेळ तेवढाच लागतो.

आणि कथेतली आजी ही परीक्षेला बसलेली नव्हती.

त्या दुपारी आम्ही संकेश्वरला पोचलो. समोर वल्लभगडाची टेकडी होती. एरवी आम्ही चढलो असतो, त्या दिवशी कुणी नावही काढले नाही. दुसऱ्या दिवशी तवंदीचा घाट उतरून निपाणीत आलो. घाटाच्या पायथ्याशी तंबाखूची हिरवी राने लागली. शेंडे खुडणाऱ्या बायका एकमेकींशी बोलत होत्या. मी त्या दिवशी पहिल्यांदा पेन खिशात ठेवून ऐकले.

घरी आल्यावर मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून तो वार्षिक अंक काढून आणला. कथा वाचली. कथेतली आजी सुंदर मराठी बोलते. क्रियापदे कर्माप्रमाणे चालतात, ती 'मी आले' म्हणते, 'माझ्या अंगात आता त्राण उरलेले नाही' म्हणते. आमच्या तालुक्यात असे बोलणारी एकही वखारीतली बाई मी पाहिलेली नाही. मी मूळ हस्तलिखित शोधले. संपादक म्हणून माझ्याकडे असायला हवे होते. घर पालथे घातले, विभागाचे कपाट पालथे घातले. नाही मिळाले. ती म्हातारी नेमके काय बोलली होती, हे आता कुठेच लिहिलेले नाही. तिचा नातू सांगू शकेल, पण त्याचा हात बसत नाही.

त्यानंतर मी माझ्यापुरते तीन बदल केले आहेत. ते लहान आहेत, पण इथे अनेक शिक्षक आणि महाविद्यालयीन अंकांचे संपादक बसले आहेत म्हणून सांगतो. पहिला : वहीत मी बोलीतले रूप खोडत नाही, त्याच्या बाजूला पेन्सिलीने प्रमाण रूप लिहितो. मुलाला दोन्ही दिसतात. दुसरा : कथेतल्या संवादाला मी हात लावत नाही. शंका आली तर लेखकाला विचारतो, "तुझ्या घरी असंच म्हणतात का?" हो म्हणाला, की विषय संपला. तिसरा : दर वर्षी प्रथम वर्षाच्या मुलांना एक काम देतो. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचे बोलणे ऐकायचे आणि दहा वाक्ये जशीच्या तशी लिहून आणायची. या वर्षी शंभरावर पाने जमली. त्यांत 'केलो' आहे, 'खाल्लो' आहे, आणि मला व्याकरणाच्या कुठल्याच पुस्तकात न भेटलेल्या कितीतरी गोष्टी आहेत. त्या पानांचे काय करायचे हे अजून ठरलेले नाही. अकादमीने त्यात लक्ष घातले तर मला आनंद होईल.

सीमाभागातली मराठी टिकावी असे आपण सगळेच म्हणतो. त्यासाठी ठराव करतो, आणि ते करायलाही हवेत. उचगाव, कडोली, येळ्ळूरसारख्या गावांत लोक पदरमोड करून साहित्य संमेलने भरवतात, त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. पण जी मराठी टिकवायची, ती तिथल्या माणसाच्या तोंडी आज जशी आहे तशी आपल्याला चालणार आहे का, हे आधी ठरवले पाहिजे. ती चालणार नसेल, तर आपण वेगळीच कुठली तरी मराठी टिकवत आहोत.

येत्या सुट्टीत आम्ही पुन्हा निघणार आहोत, या वेळी निपाणीहून उलट दिशेने बेळगावकडे. संकेश्वरच्या अलीकडे त्या दुकानात मी थांबणार आहे. सोबत एक कोरी वही घेऊन जाणार आहे. त्याने लिहावे असा आग्रह मी धरणार नाही. तो हक्क माझ्याकडे उरलेला नाही. त्याने सांगावे आणि मी लिहून घ्यावे, एवढेच विचारणार आहे. तो सांगेल तसेच्या तसे.